दुखण्यावरची जोडगोळी

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास बाजारपेठेतल्या कोणत्याही मेडिकलच्या दुकानासमोर दहा मिनिटे उभे राहावे, म्हणजे गावाचे काय काय दुखते ते कळते. ‘अंगदुखीच्या चार द्या.’ ‘कंबरेची ती पिवळी गोळी द्या, मागच्या वेळी दिलेली.’ ‘सुजेची द्या, दाढ ठणकतेय.’ मागणाऱ्याला औषधाचे नाव माहीत नसते आणि देणाऱ्याला विचारपूस करायला वेळ नसतो. कात्रीने स्ट्रिप कापली जाते, चार गोळ्या कागदी पाकिटात पडतात आणि व्यवहार पुरा होतो.

अंगदुखीची, कंबरेची, सुजेची, दाढेची अशा वेगवेगळ्या नावांनी मागितल्या जाणाऱ्या या गोळ्या बहुतेक वेळा एकाच घराण्यातल्या असतात. अनेकदा तर त्या अगदी एकच असतात, फक्त कंपनी आणि रंग वेगळा. आज लिहायचे आहे ते या गोळीबद्दल. ती वाईट आहे असे मी म्हणणार नाही. मी स्वतः ती रोज लिहून देतो आणि पाय मुरगळलेल्या, दाढ काढलेल्या, पाठीत उसण भरलेल्या माणसाला तिने किती आराम पडतो, हे रोज बघतो. पण ही एक गोळी म्हणजे दोन औषधे आहेत, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते आणि पुढचा बहुतेक घोटाळा तिथूनच सुरू होतो.

स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचा. (चष्मा लागेल.) आपल्याकडे सर्वांत जास्त खपणाऱ्या जोडीत ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असते. तिची भावंडे म्हणजे डायक्लोफेनॅक ५० अधिक पॅरासिटामॉल ३२५ आणि आयब्युप्रोफेन ४०० अधिक पॅरासिटामॉल ३२५. काही गोळ्यांत सेराटिओपेप्टिडेज नावाचे तिसरे औषध ‘सूज उतरवण्यासाठी’ घातलेले असते. या तिसऱ्यावर माझा फारसा विश्वास नाही. जपानमध्ये ज्या कंपनीने हे औषध अनेक वर्षे विकले, तिनेच पुन्हा चाचण्या केल्यावर अपेक्षित गुण दिसला नाही म्हणून २०११ साली ते बाजारातून परत घेतले. आपल्याकडे मात्र ते अजून जोरात चालते. काही गोळ्यांत स्नायू सैल करणारे औषध असते. अशा गोळीने गुंगी येते, म्हणून ती घेऊन मोटरसायकल चालवू नये आणि विहिरीच्या काठावर मोटार चालू करायलाही जाऊ नये.

दोन औषधे, दोन कामे

जोडीतले पॅरासिटामॉल ताप आणि वेदना कमी करते. सूज उतरवण्याचे काम त्याला फारसे जमत नाही. ते काम ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या दाहशामक औषधांचे. दाह म्हणजे दुखावलेला भाग लाल, गरम, सुजलेला आणि ठणकणारा होणे. दोघांची काम करण्याची रीत वेगळी असल्याने दोन्ही एकत्र दिली की वेदना चांगली आटोक्यात येते आणि एकाच औषधाचा मोठा डोस द्यावा लागत नाही. जोडगोळीमागचा विचार हा असा आहे आणि तो योग्य आहे.

आता दाहशामक औषध शरीरात नेमके करते काय? जखम झाली, सांधा झिजला किंवा दाढेत पू झाला, की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ तयार होतात आणि ते दुखणे व सूज वाढवतात. ही औषधे त्या पदार्थांची निर्मिती रोखतात. जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली ॲस्पिरिनच्या बाबतीत हे दाखवून दिले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. अडचण अशी, की हेच प्रोस्टाग्लँडिन जठरात आतल्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडाकडे, म्हणजे किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा टिकवून धरतात. गोळीला गुडघ्याचा पत्ता माहीत नसतो. ती पोटात विरघळते, रक्तात मिसळते आणि सगळीकडे जाते. गुडघ्यातले प्रोस्टाग्लँडिन कमी करते, तसेच जठरातले आणि किडनीतलेही कमी करते. तरुण, धडधाकट, पोटभर जेवणाऱ्या माणसाला चार-पाच दिवस हे सहज सोसते. प्रश्न बाकीच्यांचा आहे, आणि चार-पाच दिवसांच्या जागी चार-पाच महिने घेणाऱ्यांचा आहे.

एका आजींचा हिशेब

मागच्या पावसाळ्यात एका आजींना त्यांचा नातू घेऊन आला. वय बहात्तर, वजन बेचाळीस किलो. तीन दिवसांपासून मळमळ, अन्नावरची वासना गेलेली, पोटात आग. नातवाने प्लास्टिकच्या पिशवीतून सगळी औषधे टेबलावर ओतली. हे मात्र शहाणपणाचे काम त्याने केले. दाढेसाठी दंतवैद्यांनी दिलेली गोळी सकाळ-संध्याकाळ. कंबरेसाठी हाडांच्या डॉक्टरांनी आठवड्याभरापूर्वी दिलेली गोळी, तीही सकाळ-संध्याकाळ. मधेच कणकण वाटली म्हणून शेजारच्यांनी सांगितलेली ‘तापाची साडेसहाशेची’ दिवसातून तीनदा. तीन वेगळी नावे, तीन वेगळे रंग. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या औषधाची कल्पना नव्हती, कारण कोणी विचारले नाही आणि आजींनी सांगितले नाही.

नातवाला म्हटले, कागद-पेन घे. पहिल्या दोन्ही गोळ्यांत ॲसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. म्हणजे दिवसाला चार गोळ्या झाल्या, ॲसिक्लोफेनॅक ४०० मिलिग्रॅम. धडधाकट माणसालाही दिवसाची मर्यादा २०० आहे. पॅरासिटामॉल चार गोळ्यांतून १३००, तापाच्या तीन गोळ्यांतून १९५०, एकूण ३२५० मिलिग्रॅम. निरोगी, वजनदार माणसासाठी चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० असते. पण बेचाळीस किलोच्या, नीट न जेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मी दोन हजारांच्या पुढे जाऊ देत नाही. नातू बारावी सायन्सचा होता. बेरीज करून झाल्यावर त्याने पेन खाली ठेवले आणि आजींकडे बघत राहिला. आजी म्हणाल्या, “अरे, पण प्रत्येक गोळी वेगळ्या दुखण्याची होती ना?”

आजी वेळेवर आल्या. दोन्ही औषधे थांबवली, रक्त तपासले, चार दिवसांत त्या भाकरी खाऊ लागल्या.

पॅरासिटामॉलबद्दल इथेच सांगतो, कारण ‘ती साधी गोळी’ असा आपला समज आहे. योग्य मात्रेत ती खरोखर सुरक्षित आहे. पण यकृत तिचे विघटन करते तेव्हा एक विषारी पदार्थ थोड्या प्रमाणात तयार होतो आणि तो निष्प्रभ करायला यकृताला आपला साठा खर्च करावा लागतो. डोस फार वाढला की साठा संपतो आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. उपाशी माणसाचा आणि रोज दारू पिणाऱ्याचा साठा आधीच तोकडा असतो. याच कारणासाठी २०११ साली आपल्या केंद्र सरकारने जोडगोळ्यांमधल्या पॅरासिटामॉलची मर्यादा ३२५ मिलिग्रॅमवर आणली. त्याच वर्षी अमेरिकेतही तसाच निर्णय झाला. पण सरकारने एका गोळीतली मात्रा कमी केली म्हणून आपण तीन ठिकाणच्या तीन गोळ्या खाल्ल्या तर बेरीज व्हायची ती होतेच.

काळी शौच

गुडघेदुखीच्या एका मावशी सावलीत बसून भाजी विकतात. वय पन्नाशीचे. तीन महिने रोज सकाळी एक जोडगोळी, तीही चहाबरोबर रिकाम्या पोटी, कारण पहाटे बाजारात जायचे असते. ‘गोळी घेतली की दिवसभर बसता येतं,’ असे त्यांचे म्हणणे, आणि ते खरेच होते. त्या आल्या त्या चक्कर येते म्हणून. चेहरा पांढराफटक. हिमोग्लोबिन सहा. शौच काळी होते का, असे विचारल्यावर म्हणाल्या, “होते की, पण ती रक्तवाढीच्या गोळ्यांनी होते असं नर्सबाई म्हणाल्या होत्या.” लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते ही गोष्ट खरी आहे. पण त्या गोळ्या दोन महिन्यांपूर्वीच संपल्या होत्या.

जठरात व्रण होऊन रक्त झिरपू लागले, की ते आतड्यातून खाली येताना काळे पडते. शौच डांबरासारखी काळी, चिकट आणि घाण वासाची होते. पुष्कळांना या व्रणाने पोटात दुखतसुद्धा नाही, कारण वेदनाशामक गोळी तीही वेदना झाकते. म्हणून ‘मला ॲसिडिटीचा त्रास होत नाही, मला गोळी सोसते’ यावर विसंबू नये. ही गोळी घेत असताना शौच डांबरासारखी झाली, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसले, एकाएकी थकवा व चक्कर येऊ लागली, तर गोळी त्याच क्षणी बंद करून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मावशींना सिव्हिलमध्ये पाठवले, दुर्बिणीतून तपासणी झाली, रक्त चढवावे लागले. आता त्या बऱ्या आहेत. गुडघ्याचे पुढे काय केले ते खाली सांगतो.

इथे हमखास विचारतात, ‘डॉक्टर, सोबत गॅसची गोळी घेतली तर चालेल ना?’ पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल या गोळ्या जठराला चांगले संरक्षण देतात. साठी ओलांडलेल्यांना किंवा पूर्वी व्रण झालेल्यांना दाहशामक द्यावेच लागले, तर मी त्या देतो, आणि त्या जेवणाच्या आधी घ्यायच्या असतात. पण गॅसची गोळी किडनीला वाचवत नाही आणि हृदयालाही नाही. ती घेतली म्हणजे सगळे माफ झाले, अशा समजुतीने लोक महिनोन्महिने जोडगोळी चालू ठेवतात.

ऊन, जुलाब आणि किडनी

किडनीला रक्त कमी पडू लागले की प्रोस्टाग्लँडिन तिच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवतात. शरीरात पाणी भरपूर असते तेव्हा त्यांची फारशी गरज पडत नाही. पाणी कमी झाले की त्यांच्यावरच सारी भिस्त असते. अशा वेळी दाहशामक गोळी घेणे म्हणजे बुडत्याच्या हातातली दोरी काढून घेणे.

एका निवृत्त गुरुजींचे उदाहरण बोलके आहे. रक्तदाबाची गोळी बरीच वर्षे चालू होती, अगदी नियमित. त्या गोळीतही दोन औषधे होती, टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड. एप्रिलमध्ये शेतावर कांदा भरायला उभे राहिले, पाठ धरली, दुकानातून जोडगोळी आणली. तिसऱ्या दिवशी लग्नाच्या जेवणानंतर जुलाब लागले. रक्तदाबाची गोळी चालू, पाठीची चालू आणि पोटात पाणी ठरत नव्हते. पाचव्या दिवशी लघवी जवळजवळ बंद झाली आणि पायावर सूज आली. क्रिएटिनिन ४.८ निघाले. साधारणपणे ते सव्वाच्या आत असावे लागते. सुदैवाने त्यांना डायलिसिस लागले नाही. सलाईन आणि काळजीपूर्वक उपचारांनी तीन आठवड्यांत किडनी पूर्ववत झाली. सगळ्यांचे नशीब तेवढे चांगले नसते.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांपैकी एखादी रक्तदाबाची गोळी, सोबत लघवीची गोळी आणि त्यावर दाहशामक, असे तीन औषधांचे त्रिकूट किडनीला फार जड जाते. रक्तदाबाची गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना न विचारता दुखण्याची गोळी तिच्यावर चढवू नका, एवढेच पथ्य आहे. दाहशामकाने रक्तदाब चढतोही. ‘गोळी चालू आहे तरी बीपी का उतरत नाही’ या प्रश्नाचे उत्तर कधीकधी रुग्णाच्या दुसऱ्या खिशातल्या पाकिटात सापडते.

ऊसतोडीला, वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर जाणारी माणसे सकाळी गोळी घेऊन कामाला लागतात, म्हणजे दिवस निघतो. त्यांना ‘विश्रांती घ्या’ असे सांगणे मला जड जाते, कारण विश्रांती घेतली तर त्या दिवशीची हजेरी बुडते. पण उन्हात घाम गाळायचा, पाणी कमी प्यायचे आणि वर रोज ही गोळी घ्यायची, हे किडनीसाठी घातक आहे, हे मुकादमानेही ऐकावे. गोळी टाळता येत नसेल तर निदान पाणी मुबलक द्या. ज्या दिवशी उलट्या-जुलाब असतील, त्या दिवशी मात्र दाहशामक मुळीच नको.

जाता जाता गिधाडांची गोष्ट सांगतो. आमच्या लहानपणी गावाबाहेर ढोरफोडीच्या जागी गिधाडांचे थवे बसत. नव्वदच्या दशकात ती दिसेनाशी झाली. देशातल्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. जनावरांना दुखण्यासाठी दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसात राहते आणि ते खाल्लेल्या गिधाडांच्या किडन्या निकामी होतात, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. ॲसिक्लोफेनॅकचे जनावराच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होते, म्हणून २०२३ साली जनावरांसाठी त्यावरही बंदी आली. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही, तेव्हा घाबरून जायचे कारण नाही. पण कंबरेच्या ‘साध्या’ गोळीत हेच औषध असते, एवढे लक्षात असू द्यावे. माणसांसाठी असलेली गोळी गाईला चारण्याचे उद्योगही करू नयेत. त्यासाठी पशुवैद्य आहेत.

हृदयविकाराबद्दल थोडक्यात. रोफेकॉक्सिब नावाचे याच घराण्यातले एक औषध हृदयविकाराचे झटके वाढतात असे दिसल्यामुळे सप्टेंबर २००४ मध्ये जगभरातून मागे घेण्यात आले. त्यानंतर बाकीची भावंडेही तपासली गेली. ज्यांना हृदयविकाराचा झटका किंवा अर्धांगवायू येऊन गेला आहे, अँजिओप्लास्टी झाली आहे, हृदय कमजोर होऊन पायावर सूज येते, त्यांना ॲसिक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅक देत नाहीत. शिवाय या मंडळींना रक्त पातळ ठेवण्यासाठी ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन चालू असते. तिच्यावर जोडगोळी पडली की जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. वॉर्फरिन घेणाऱ्यांनी तर दुकानाच्या पायरीवरसुद्धा ही गोळी मागू नये.

ताप असेल तर

पावसाळा सुरू झाला की ताप आणि अंगदुखी घेऊन माणसे येतात. अंग इतके दुखते, की घरात पडलेली जोडगोळी आधीच घेऊन झालेली असते. हा ताप डेंग्यूचा असला तर? डेंग्यूत रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि रक्तस्रावाचा धोका असतो. दाहशामक औषध प्लेटलेटचे काम आणखी मंद करते आणि जठरही सोलते. म्हणून डेंग्यूची शंका असताना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक यांतले काही घेऊ नये. फक्त पॅरासिटामॉल, तेही मर्यादेत, आणि भरपूर पातळ पदार्थ. चिकुनगुन्यात सांधे भयंकर दुखतात, पण तिथेही डेंग्यू नाही अशी खात्री होईपर्यंत दम धरावा. लेप्टोस्पायरोसिस मुळातच किडनीवर घाला घालतो. ताप कसला आहे ते कळेपर्यंत साधे पॅरासिटामॉल घ्या, जोडी नको, असा नियम घरातल्या सर्वांना सांगून ठेवा.

गर्भवती स्त्रियांनी ही गोळी मनाने कधीच घेऊ नये. पाचव्या महिन्यानंतर तिने बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकते आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी अवेळी बंद होऊ शकते. दमा असलेल्या काहींना या औषधांनी दम्याचा झटका येतो. पूर्वी कधी दुखण्याच्या गोळीने अंगावर पित्त उठले असेल, ओठ-डोळे सुजले असतील, तर ते नाव कागदावर लिहून जवळ ठेवा. लहान मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देण्याची पद्धत फार घातक आहे. निमेसुलाइड हे औषध तर बारा वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून बंद आहे, तरी ‘ताप लवकर उतरतो’ म्हणून ते मागणारे पालक अजून भेटतात.

मग घ्यायची तरी कशी? दुखण्याचे कारण डॉक्टरांनी पाहिलेले असावे. पोटभर जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर, ॲसिक्लोफेनॅकची जोडी असेल तर दिवसातून फार तर दोन वेळा, बारा तासांच्या अंतराने. एखादी गोळी चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. दुखणे थांबले की गोळी थांबवावी. हे प्रतिजैविक नव्हे, कोर्स पुरा करण्याची गरज नाही. तीन ते पाच दिवसांत उतार पडला नाही तर गोळी वाढवण्याऐवजी डॉक्टर गाठावा, कारण तेव्हा दुखण्याचा प्रश्न वेगळाच असू शकतो. दारू त्या दिवसांत वर्ज्य. आणि ‘काल रात्री जास्त झाली, अंग मोडून आलंय’ म्हणून सकाळी उपाशीपोटी जोडगोळी घेणाऱ्यांनी वरचा यकृताचा परिच्छेद पुन्हा वाचावा.

आता मावशींचा गुडघा. झिजलेला गुडघा गोळीने भरून येत नाही. गोळी फक्त दुखणे झाकते. त्यांना डायक्लोफेनॅकचे मलम दिवसातून तीन-चार वेळा लावायला दिले. मलमातले औषध गुडघ्यात पोहोचते, पण रक्तात फारच थोडे जाते, त्यामुळे जठर आणि किडनी बऱ्याच अंशी वाचतात. जमिनीवर मांडी घालून बसण्याऐवजी भाजीच्या क्रेटवर फळी टाकून बसायला सांगितले. दुसरा उपाय मांडीच्या स्नायूंचा. खुर्चीवर बसून एक पाय सरळ करायचा, मनात दहा आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पहिले पंधरा दिवस मावशी कुरकुरल्या. महिन्याभराने म्हणाल्या, की गाडीवर चढताना आता हाताचा आधार लागत नाही. वजन पाच किलो उतरले तर आणखी फरक पडेल, पण ते अजून जमलेले नाही.

दोन ठिकाणी विशेष सावध राहावे. पहिले म्हणजे सुट्या गोळ्यांची पुडी. आमच्या व्यवसायातही कागदात बांधून गोळ्या देण्याची जुनी रीत काही ठिकाणी टिकून आहे. त्यात काय आहे, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. डॉक्टर रागावले तर रागावू द्या. दुसरे म्हणजे आठवडे बाजारात आणि गाड्यावर मिळणारी सांधेदुखीची ‘जडीबुटीची’ चूर्णे. अशा काही चूर्णांत स्टेरॉइड आणि ही आधुनिक वेदनाशामके मिसळलेली तपासणीत आढळली आहेत. दोन दिवसांत चमत्कार दिसला, तर जडीबुटीपेक्षा संशय दुसऱ्याच कशाचा तरी घ्यावा.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली, तेव्हा ‘आमची गोळी बंद झाली का?’ असे विचारायला बरेच जण आले होते. त्या यादीत ॲसिक्लोफेनॅक ५० अधिक पॅरासिटामॉल १२५ ही कमी मात्रेची जोडी होती. १०० अधिक ३२५ ची नेहमीची जोडी तिच्यात नव्हती. घरातल्या डब्यात ५० आणि १२५ आकड्यांची जुनी स्ट्रिप सापडली तर ती वापरू नये.

डब्याचा विषय निघालाच आहे तर शेवटचे. सगळ्यांच्या घरी बिस्किटाच्या डब्यात कापलेल्या स्ट्रिपचे तुकडे असतात, त्यावर नाव अर्धे आणि मुदतीची तारीख गायब. दुकानदाराला सांगावे, की नाव, आतल्या औषधांची यादी आणि तारीख आमच्याकडच्या तुकड्यावर राहील असे कापा. तसे होत नसेल तर त्यांच्याकडून पाकिटावर लिहून घ्या. चांगले दुकानदार लिहून देतात. डॉक्टरकडे जाताना, मग तो दाताचा असो की हाडाचा, तो सगळा डबाच सोबत न्या. ज्या गोळीवरचे नाव वाचता येत नाही ती, कितीही चांगली दिसत असली तरी, टाकून द्या.